फोडांच्या मुळाशी : परभणीतील एका प्रीमियर पद्मिनीचे घरगुती रंगकाम

परभणीच्या जुन्या भागातील एका वाड्यात उभी असलेली १९८४ची प्रीमियर पद्मिनी हा या प्रकरणाचा विषय आहे. गाडी माझ्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांची. त्यांचे वडील पशुवैद्यक होते आणि जिंतूर-सेलूकडच्या गावांतून फिरण्यासाठी त्यांनी ती नवी घेतली होती. दाजी निवृत्त शिक्षक आहेत. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवून निवृत्त झालो. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगची कामे आम्ही आधीच्या उन्हाळ्यात उरकली होती व त्यांत विशेष नोंदवावे असे काही नाही. खरा प्रश्न रंगाचा होता. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमधून गाडी गडद मरून रंगात रंगवून आणली होती, आणि दोन पावसाळे जाण्याच्या आत तिच्या खालच्या अर्ध्या भागावर फोड उठले होते. तोच रंग पुन्हा बाहेरून मारून घ्यावा की घरी काम करावे, असा विचार कुटुंबात चालू असताना मी एकच आग्रह धरला : आधीचा रंग का बिघडला हे समजल्याशिवाय नव्या रंगाचा डबा उघडायचा नाही. पुढचे सगळे निर्णय या आग्रहातून निघाले, म्हणून हे प्रकरण मी त्याच क्रमाने मांडतो.

गाडीविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. तिला ट्रक किंवा जीपसारखी स्वतंत्र चॅसिस नाही. फरशीचा पत्रा, दाराखालचे पोकळ पत्रे, खांब आणि छत मिळून एकच सांगाडा तयार होतो आणि सारा भार तोच पेलतो. त्यामुळे दाराखालचा पत्रा कुजला, तर प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही. गाडीची ताकदच कमी होते, दारे लटकतात आणि नीट बसेनाशी होतात. अशा ठिकाणी गंजावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरून रंग मारणे ही फसवणूक आहे, मग ती गिऱ्हाइकाची असो वा स्वतःची.

निदानासाठी लागलेली साधने अगदी साधी होती. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक गाडीच्या अंगावरून फिरवले. छतावर, बॉनेटवर आणि दारांच्या वरच्या भागावर ते घट्ट धरून राहिले. मागच्या मडगार्डच्या कमानीजवळ आणि दाराखाली ते सुटून पडू लागले, म्हणजे तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर होता. मग एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवलेले फडके एका कोपऱ्यात घासले. मरून रंग लगेच फडक्यावर उतरला, म्हणजे तो एनसी, आपल्याकडे ज्याला सरसकट ड्युको म्हणतात तो, होता. त्याच्या खालचा कारखान्याचा हस्तिदंती थर मात्र थिनरला दाद देईना. तो भट्टीत भाजलेला, अजूनही कडक आणि पत्र्याला चिकटून होता.

खरे ज्ञान मिळाले ते फोडांकडून. फोड दोन प्रकारचे होते, आणि हा फरक ओळखता न आल्यामुळेच पुष्कळ रंगकामे दुसऱ्यांदाही बिघडतात असे माझे मत आहे. पहिल्या प्रकारचे फोड मोठे, टणक आणि कडेने फाटलेले. फोडले की तपकिरी पापुद्रे निघत आणि खाली पत्र्याला खड्डे किंवा भोके दिसत. हा आतून बाहेर आलेला गंज. दुसऱ्या प्रकारचे फोड मोहरीएवढे, एकमेकांना लागून झुपक्याने आलेले. पावसाळ्यात ते फुगत आणि एप्रिल-मेच्या उन्हात जवळजवळ बसून जात. ते सुईने उघडले, तेव्हा खाली पत्रा बहुतेक ठिकाणी शाबूत निघाला, पण कडेला पांढरट खार दिसला. याचे स्पष्टीकरण पाण्यात आहे. मराठवाड्यातील काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार विरघळलेले असतात. त्या पाण्याने पाणीपेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद) घासला, त्याच पाण्याने पत्रा धुतला आणि वाळल्यावर तसाच रंग मारला, तर क्षारांचा पातळ थर रंगाखाली कायमचा अडकतो. रंगाचा थर पाण्याची वाफ पूर्णपणे अडवू शकत नाही. पावसाळी हवेतला ओलावा हळूहळू आत शिरतो, क्षार तो ओढून घेतात, आणि रंग आतून उचलला जातो. दाजींनी आठवून सांगितले की त्या गॅरेजमध्ये सगळे काम बोअरच्या पाण्यावरच चालत असे. आपल्या भागात तसे न चालणारे गॅरेज सापडणे कठीण, त्यामुळे हा दोष एकाच माणसाच्या माथी मारण्यासारखा नाही.

इतके कळल्यावर काम किती आणि कुठे करायचे हे ठरवता आले. गाडी जुनी झाली की तिला पार पत्र्यापर्यंत खरवडायचे, अशी हौशी लोकांत एक समजूत आहे. मला ती पटत नाही. कोरड्या हवेत राहिलेल्या मराठवाड्यातल्या गाड्यांचे छत, बॉनेट आणि खांब पुष्कळदा चांगले असतात; समुद्राच्या हवेत राहिलेल्या मुंबईच्या गाड्यांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्याकडे गंज धरतो तो खाली, कारण काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आतल्या कमानीत आणि दाराखालच्या खाचांत बसला की बाहेरून वाळलेला दिसला तरी आत आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. म्हणून कंबरेच्या वरचा भाग फक्त मरून रंग उतरवून कारखान्याच्या थरापर्यंत आणायचा आणि तो थर पाया म्हणून ठेवायचा, कारण घरी आपण त्याच्याइतका चांगला थर देऊ शकत नाही. कंबरेखालचा भाग मात्र पूर्णपणे पत्र्यापर्यंत मोकळा करायचा, असे ठरले. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि लाल छटांत, शिशाची संयुगे असण्याची शक्यता असते. त्यामुळे कोरडी घासाघीस शक्य तितकी टाळली, जिथे टळली नाही तिथे तोंडाला धुळीचा योग्य मास्क लावला आणि नातवंडांना त्या अंगणात येऊ दिले नाही.

रंग कोणता, यावर सर्वांत जास्त विचार झाला. आज बाजारात गाडी रंगवायची म्हटले की दुकानदार पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, पुढे करतो. त्याचे गुण खरे आहेत : रंग आणि हार्डनर यांची रासायनिक जोडणी होऊन थर कठीण बनतो, पेट्रोलला टिकतो, चमक वर्षानुवर्षे राहते. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प मात्राही त्रास देते. वासावरून ते ओळखता येत नाही. अपायकारक पातळीला पोचले तरी नाकाला कळत नाही, आणि कापडी किंवा साधा कागदी मास्क त्याच्यापुढे निरुपयोगी आहे. कारखान्यात ते मारणारा कामगार बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा घालतो आणि बूथमधली हवा गाळून बाहेर सोडली जाते. वाड्यात भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांची घरे आहेत, पलीकडे एक म्हातारी आजी दम्याने आजारी आहेत. तिथे पीयू मारण्याचा विचार मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला, आणि घरी काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

मग संपूर्ण थररचनाच आयसोसायनेटविरहित ठेवली. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरणारा पहिला थर), त्याच्यावर जिथे गरज असेल तिथे पॉलिएस्टर लांबी, लांबी झाकायला पुन्हा इपॉक्सीचा हात, मग एनसी सरफेसर (घासून सपाट करायचा मधला थर) आणि शेवटी एनसी रंग. एनसी कमकुवत आहे, त्याला कालांतराने पॉलिश लागते, पेट्रोल सांडले तर तो मऊ पडून डागाळतो. पण तो थिनर उडून वाळतो, लवकर धूळमुक्त होतो, त्याच्यावर बसलेला कचरा घासून काढता येतो आणि पुढे कधीही तेवढाच तुकडा दुरुस्त करता येतो. घरच्या कामाला हे गुण जास्त उपयोगी. अर्थात तो निर्धोकही नाही. नायट्रोसेल्युलोज अत्यंत ज्वालाग्राही आहे आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. फवारणीच्या वेळी ताईंनी स्वयंपाकघरातला गॅस आणि देवघरातला दिवा दोन्ही बंद ठेवले, पाण्याची मोटर चालू केली नाही आणि कॉम्प्रेसर लांब नळी जोडून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तोंडाला सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्यांचा मास्क होता.

पत्राकाम घरी करण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. त्यासाठी वेल्डिंगचे मिस्त्री वाड्यावर बोलावले. दाराखालचे दोन्ही पत्रे आणि मागच्या कमानीची कडा कुजली होती. मिस्त्रींनी पाहून दाजींना सुचवले, "गुरुजी, आतून एक पट्टी ठोकू, वरून लांबी मारू. पुढची पाच वर्षं बघायचं काम नाही." दाजी म्हणाले, "पाच वर्षांनी मलाच बघायचंय, मिस्त्री. कुजलेलं सगळं कापूनच काढा." मिस्त्रींनी मग मनापासून काम केले. कापण्याआधी बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली, आणि गाडी चारही बाजूंनी सारख्या आधारावर घेऊन दारे जागच्या जागी बंद ठेवली, कारण सांगाडाच पत्र्याचा असल्याने दाराखालचा भाग कापल्यावर गाडी किंचित जरी वाकली तरी नंतर दार कधीच नीट लागत नाही. २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा पत्रा घडवून सीओटू वेल्डिंगने, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातल्या विजेच्या वेल्डिंगने, जोडला. एका रेषेत सलग टाका न घालता इकडे एक, तिकडे एक असे ठिपके देत गेले, मध्ये पत्रा निवू दिला. गॅसच्या ज्योतीने हेच काम केले असते तर उष्णता पसरून पत्र्याला लाटा आल्या असत्या. पाणी निचरण्याची जी भोके जुन्या लांबीने बुजली होती, ती नव्या पत्र्यात मोजून पुन्हा पाडून घेतली.

आता हवामानाचा प्रश्न. मराठवाड्यात घरी रंग मारण्याजोगे दिवस मोजके आहेत, आणि ते चुकले तर हातातले कसब फारसे कामाला येत नाही. मेमध्ये पारा बेचाळिसाच्या वर जातो. तेव्हा गनमधून सुटलेला थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि थर खरखरीत बसतो. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगाला पांढुरकी झाक येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनच्या मळणीची धूळ शहरापर्यंत येते. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, पण परभणीची थंडी मराठवाड्यात नाव घेण्याजोगी; रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली गेला की इपॉक्सी नीट घट्ट होत नाही, आणि सकाळी पत्र्यावर दव असते. म्हणून प्रायमरचे काम जानेवारीत भर दुपारी, आणि रंगाचे काम फेब्रुवारीत, सकाळी दहानंतर पत्रा कोमट झाल्यापासून दुपारचा वारा सुटेपर्यंत, असे वेळापत्रक आखले. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त असावे हा रंगाच्या धंद्यातला मान्य नियम आहे. महावितरणकडून त्या दिवशी वीज बंद राहणार नाही याची खात्री करून घेणेही तितकेच आवश्यक होते, कारण बॉनेटवर अर्धा हात मारलेला असताना हवा संपली, तर तो हात पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

पाण्याची व्यवस्था फोडांच्या निदानावरून ठरली. घासण्यासाठी नळाचे साठवलेले पाणी वापरले, आणि प्रत्येक थराआधी शेवटची पुसणी बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने, नव्या धुतलेल्या सुती फडक्याने केली. पाच लिटरचा डबा संपूर्ण गाडीच्या एका पुसणीला पुरतो. खर्च किरकोळ आहे. इथे एक इशारा देणे मला महत्त्वाचे वाटते. पाणीटंचाईमुळे आपल्या घरांत आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी बादलीत साठवून धुण्या-पुसण्याला वापरण्याची चांगली सवय पडली आहे. परंतु यंत्र जे क्षार गाळते ते सगळे त्याच पाण्यात उतरलेले असतात. फरशीला ते चालते. रंगाखालच्या पत्र्याला ते बोअरच्या पाण्यापेक्षाही घातक आहे.

गंज मारण्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण खड्ड्यांपुरतेच लावले, ते धुऊन काढले आणि हेअर ड्रायरने शिवण्या वाळवल्या. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी त्यावर प्रायमर पडेल इतकाच भाग एका वेळी घेतला. लांबी इपॉक्सीच्या वर भरली, पत्र्यावर थेट नाही, आणि दोन मिलिमीटरपेक्षा जाड कुठेही नाही; जिथे त्याहून खोल पोचा होता तिथे मिस्त्रींकडून तो ठोकून वर आणला. ८० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तिरप्या हाताने फिरवला, मग १८०, मग ३२०. सरफेसर वाळल्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ झाक मारून पुन्हा घासले; जिथे काळे टिकले तिथे खोलगट आहे हे लगेच कळते. दाजींच्या हाताला खडूची सवय, ठोकळ्यावर त्यांचा दाब इतका सारखा पडे की हे काम मी त्यांच्याकडेच सोपवले.

रंगाची छटा ठरवताना मला मनापासून आनंद झाला. नोंदणीपुस्तकात गाडीचा रंग मूळचाच लिहिलेला होता. मरून केल्याची नोंद कोणी करून घेतलेली नव्हती. रंग बदलला तर तो नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाच्या तपासणीत हा फरक अडचणीचा ठरतो. मूळ हस्तिदंती रंगाकडे परत जाण्याने ती अडचणही मिटणार होती. डिकीच्या रबराखाली कारखान्याचा रंग उन्हापासून वाचलेला सापडला. तो कंपाउंडने हलका उजळून मगच नमुना म्हणून मिश्रण करणाऱ्या दुकानात दाखवला, कारण उन्हाने पिवळलेल्या भागावरून छटा जुळवली तर संपूर्ण गाडी पिवळट होते. फिकट, साध्या रंगाचा आणखी एक फायदा असा की पत्र्यातली बारीक लाट त्यात लपते, जी मरून रंगात उन्हात ठसठशीत दिसत होती.

फवारणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अंगणाच्या तीन बाजूंना प्लास्टिक लावले, जमिनीवर पाणी शिंपडले, नळीत पाणी अडवणारी बाटली बसवली. रंगात थिनर साधारण समप्रमाणात, गन पत्र्यापासून एक वीत, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ, असे करत सहा हात दिले. त्यानंतर पॉलिश करण्याची घाई आम्ही केली नाही. एनसी वाळल्यानंतरही कित्येक आठवडे आक्रसत राहतो, आणि त्याआधी चमक काढली तर ती पुढे मावळते व घासलेल्या रेघा वर येतात. गुढीपाडवा झाल्यावर १०००, १५०० आणि २००० नंबरच्या पाणीपेपरने, मग कंपाउंडने काम पूर्ण केले. दाराखालच्या पोकळ पत्र्यांत लांब नळीने मेण फवारले. जुन्या इंजिन ऑइलचा फवारा मारण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण त्याने दारांची रबरे फुगतात आणि चिखल आणखी चिकटतो, म्हणून तो टाळला.

पावसाळा संपल्यावर गाडी उचलून खालून-वरून तपासली. दाराखाली, मडगार्डच्या कमानीत आणि डिकीच्या खालच्या कडेला, म्हणजे जिथे पूर्वी मोहरीएवढे फोड उठले होते त्या प्रत्येक ठिकाणी, थर सपाट आणि घट्ट आहे. निचऱ्याची भोके मोकळी आहेत. वरच्या भागात कारखान्याच्या थरावर बसलेला नवा रंगही कुठे उचललेला नाही. नूतनीकरणाच्या तपासणीत रंगाविषयी प्रश्न आला नाही. एकच दोष दिसला : पेट्रोल भरण्याच्या तोंडाखाली हाताच्या पंजाएवढ्या भागात रंग मऊ होऊन डागाळला आहे, आणि तो एनसी निवडल्याचा थेट परिणाम आहे. पंपावर भरताना खाली फडके धरण्याची सूचना दाजींनी मुलांना दिली आहे. येत्या फेब्रुवारीत तो तुकडा ८०० नंबरने घासून, डिस्टिल्ड पाण्याने पुसून, शिल्लक ठेवलेल्या त्याच रंगाचे दोन-तीन हात द्यायचे ठरले आहे. डबा घट्ट झाकून, वर तारीख आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून, जिन्याखालच्या थंड जागेत ठेवला आहे.